सॅक्सोफोन आणि पियानोसाठी सोनाटा कसा लिहावा

सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची, बहुधा काही भागांत लिहिलेली रचना. ती लिहायला बसण्याआधी सॅक्सोफोन वादकासोबत एक अख्खी दुपार काढा. मी ती काढली नव्हती. पहिल्या खर्ड्यात आल्टो (मधल्या आकाराच्या) सॅक्सोफोनला त्याचा सगळ्यात खालचा स्वर, बी फ्लॅट, अगदी हळुवार लिहून दिला. नागपूरच्या धरमपेठेतल्या खोलीत वादकाने चारदा फुंकून पाहिलं: दोनदा स्वर लागलाच नाही, दोनदा भसकन फुटला. त्या टोकाला जवळजवळ सगळी भोकं झाकलेली असतात, तिथे जोर सोपा आणि हळुवारपणा फार कठीण. एकाच वेळी अनेक स्वर काढणारी बोटांची पकडही वाद्यागणिक बदलते, म्हणून ती वादकाकडून तपासून घ्या आणि स्वरलिपीत स्वरावर लिहा.

आल्टोसाठी लिहिलेला सी पियानोवरच्या त्याखालच्या ई फ्लॅटसारखा ऐकू येतो. खर्डा प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांत करा, वादकाची प्रत शेवटी त्याच्या लेखी स्वरांत बदलून काढा.

आता बीज शोधा, म्हणजे जिच्यातून सगळी रचना वाढेल अशी छोटी कल्पना. मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत, मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत ऐकलेल्या ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीचा ठेका घेतला. चाल घेतली नाही, फक्त ठेका. असा एखादा ठेका टाळ्यांनी वाजवा, मग त्याला तीन-चारच स्वर द्या.

यापुढचं सगळं एका फरकावर उभं राहतं. पियानोचा स्वर हातोडी पडताक्षणी विरू लागतो. सॅक्सोफोनचा स्वर मात्र दम असेपर्यंत वाढवता येतो. तेच बीज पियानोला तुटक द्या, सॅक्सोफोनला लांबवा, आणि दोघांना एकमेकांच्या जागी जाऊ द्या. श्वासाच्या जागा स्वतः गाऊन ठरवा. पियानोचे दाट स्वरसमूह सॅक्सोफोनच्याच पट्टीत ठेवलेत तर दोघंही गुदमरतात, ते वर-खाली पसरा.

किती भाग असावेत याचं बंधन नाही. रशियन संगीतकार एडिसन डेनिसॉव्हच्या 1970 च्या सोनाटात मधल्या भागात पियानो बराच वेळ गप्प असतो, सॅक्सोफोन एकटा बोलतो. ही मोकळीक घ्या.

तालीम मे महिन्यात असेल तर खोली आधी थंड करा. नागपूरच्या उन्हाळ्यात सॅक्सोफोनचा सूर चढतो, पियानोच्या तारा सैल पडून उतरतात.

शेवट सुचत नसेल तर हे करून पाहा: पियानोचं झाकण उघडा, तारा मोकळ्या राहाव्यात म्हणून उजवं पेडल दाबून ठेवा आणि सॅक्सोफोनचं तोंड तारांकडे वळवून एक स्वर जोरात फुंकून थांबवा. पट्ट्यांना कुणी हात लावलेला नसतो, तरी तारा तो स्वर गुणगुणत राहतात.