पोरीला मिशनच्या शाळेत घालायचं असंन तर

भाऊ, माझी पोरगी आठवीपासून तालुक्याच्या कॅथलिक शाळेत जाते. सरकारी अनुदानाची शाळा आहे. वर्गात बौद्ध, मुसलमान, कुणबी, गोंड साऱ्यांची लेकरं.

आधी शाळा सोडल्याचा दाखला अन् आधार जवळजवळ ठेवून नाव, जन्मतारीख ताडून पाहा. आमच्या दाखल्यात एक काना जास्त निघाला, ऐन पेरणीत दोन चकरा झाल्या.

मायनं विचारलं, "येशूची प्रार्थना करा लागते का?" नाही. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय लेकराला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं कलम २८(३). हे मायला नीट समजावून सांगा, तिची धास्ती खरी असते.

बोनाफाईड, म्हंजे पोरगी त्या शाळेत शिकते असा दाखला, पासासाठी लगेच मागा. खेड्यातल्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे.