प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुएन२बीचा वाटा कसा मोजावा

ग्लुएन२ए आणि ग्लुएन२बी हे एनएमडीए रिसेप्टरचे (चेतापेशीवरच्या, ग्लुटामेटचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाचे) घटक. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ग्लुएन२एचं प्रमाण वाढतं आणि या रिसेप्टरमधून वाहणारा एनएमडीए प्रवाह लवकर ओसरू लागतो. तरीही प्रौढ सायनॅप्समध्ये (पेशींच्या जोडांमध्ये) ग्लुएन२बी उरतंच.

बर्फगार सुक्रोजच्या द्रावणात हिप्पोकॅम्पसचे ३०० ते ३५० मायक्रॉनचे काप घ्या. मेंदूतल्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण करताना कॅल्शियम सगळ्यात शेवटी घाला, तेही ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड १५ मिनिटं सोडल्यावर. घाई केलीत तर द्रावण दुधाळ होतं. ते सरळ ओतून द्या, गाळून वापरू नका.

प्रवाह मोजणाऱ्या काचेच्या पिपेटमध्ये सीझियमचं द्रावण भरा. सीए१ (हिप्पोकॅम्पसचा एक भाग) मधली पेशी +४० मिलिव्होल्टला धरा, म्हणजे एनएमडीए रिसेप्टरमधला मॅग्नेशियमचा अडसर दूर होतो. इतर रिसेप्टरचे प्रवाह अडवण्यासाठी एनबीक्यूएक्स (एएमपीए रिसेप्टर अडवणारं) १० आणि पिक्रोटॉक्सिन (गाबा-ए रिसेप्टर अडवणारं) १०० मायक्रोमोलर घाला. शेजारचा सीए३चा भाग आधीच कापून टाका, नाहीतर अपस्माराच्या झटक्यासारखे विद्युत स्फोट उमटतात. १० मिनिटं प्रवाह स्थिर राहिला की ३ मायक्रोमोलर आयफेनप्रोडिल (ग्लुएन२बी असलेले रिसेप्टर अडवणारं औषध) सोडा.

इथे धीर धरा. हे औषध हळू चढतं. किमान २० मिनिटं थांबा. मात्रा वाढवण्याचा मोह टाळा, कारण मग इतर रिसेप्टरही अडतात. प्रवाह थोडाच घटला म्हणून ‘ग्लुएन२बी नाही’ असं लिहू नका: ग्लुएन२ए आणि ग्लुएन२बी एकाच रिसेप्टरमध्ये असले, तर आयफेनप्रोडिल अर्धवटच अडवतं. चुकीचे निष्कर्ष बहुधा इथेच निघतात.

शेवटी ५० मायक्रोमोलर डी-एपी५ने (सगळे एनएमडीए रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाने) उरलेला प्रवाह बंद होतो का, ते बघा. पिपेटचा सिरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यातला विद्युत रोध) २० टक्क्यांहून जास्त सरकला असेल, तर ती पेशी सोडून द्या.