वर्गणीच्या वहीत नसलेली माणसे: परगावच्या मंडळांसाठी संकटकाळाची कार्यपद्धती

२०२० साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला आली. खान्देशात त्या वर्षी माहेरवाशिणी आल्या नाहीत, निंबाच्या फांदीला झोके बांधले गेले नाहीत आणि सुरत, पुणे, मुंबईकडे कामाला गेलेली माणसे कोरोनाच्या टाळेबंदीमुळे जिथे होती तिथेच कोंडली गेली. त्याआधी चाळीस दिवस, १७ मार्चला, आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिकचा सणही असाच सुना गेला होता. डब्लिनची मिरवणूक रद्द झाली होती. न्यूयॉर्कमध्ये १७६२ पासून निघणाऱ्या मिरवणुकीची परंपरा मोडू नये म्हणून मोजकीच माणसे भल्या पहाटे रस्त्यावरून चालून आली. त्यानंतरच्या महिन्यांत परदेशातील आयरिश केंद्रांनी आपल्या लोकांसाठी जे केले, त्यातून परगावी असलेल्या आपल्या खान्देशी मंडळांना घेता येईल असे पुष्कळ आहे. मी अकरा वर्षे सुरतच्या उधना भागात मंडळाचे काम केले आणि आता अमळनेरला असतो. त्या काळात आमच्याकडून जे राहून गेले, ते समोर ठेवून ही पद्धत लिहिली आहे.

आयरिशांचेच उदाहरण का, असा प्रश्न कोणी विचारेल. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या ७९ लाख भरली. आयर्लंड हा अख्खा देश पन्नास लाखांच्या आसपासचा आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो दुष्काळ आला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. तेव्हापासून बाहेर जाणे हा तिथल्या घराघराचा भाग झाला. गेल्या शतकाच्या मध्यास हजारो तरुण इंग्लंडमध्ये रस्ते, बोगदे आणि इमारतींच्या कामावर गेले. त्यांतील अनेकांनी लग्न केले नाही, गावाकडचे येणे-जाणे तुटले आणि म्हातारपणी ते एका खोलीत एकटे उरले. इंग्लंडात कामाला आलेल्या अशा आयरिशांसाठी लंडनच्या कॅम्डेन भागात १९५४ साली आयरिश केंद्र उभे राहिले. पुढे २००४ मध्ये आयरिश सरकारने परदेशातील अशा संस्थांना दरवर्षी अनुदान देण्याची योजना सुरू केली. सांगण्याचा मुद्दा असा की महामारी आली तेव्हा या केंद्रांना माणसे शोधत फिरावे लागले नाही. आठवड्याला जेवायला येणारे म्हातारे कोण, त्यांतले कोण कुठे राहते आणि कोणाला जिना चढवत नाही, हे त्यांना आधीच माहीत होते.

यादी कशी करावी

आपल्याकडे यादी म्हणून जी असते ती बहुधा वर्गणीची वही असते, आणि सगळी चूक तिथून सुरू होते. आमची २०२० ची दोनशे पानी वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात नाव, तालुका, घरातील माणसे आणि रक्कम असे चार रकाने आहेत. टाळेबंदी लागल्यावर आम्ही तीच वही घेऊन शिधा वाटला. म्हणजे ज्यांनी गणपतीला आणि श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाला वर्गणी दिली होती त्यांच्या दारी आधी पोहोचलो, आणि ज्यांना ती देणे कधी जमलेच नव्हते ते वहीतच नव्हते. आमच्या गल्लीपासून तिसऱ्या गल्लीत शिंदखेड्याकडच्या एक आक्का राहत होत्या. घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावून त्या पोट भरत. टाळेबंदीच्या एकोणिसाव्या दिवशी त्यांचे नाव आम्हांला कळले, तेही किराणा दुकानदाराकडून, कारण त्यांची उधारी अचानक थांबली होती. उधारी थांबली याचा अर्थ पैसा आला असा नव्हता. आणखी उधार मागण्याची त्यांना लाज वाटली होती.

म्हणून यादीची सुरुवात मंडळाच्या कचेरीत न करता किराणा दुकान, पिठाची गिरणी, खानावळ आणि औषधाचे दुकान या चार ठिकाणांहून करावी. तिथल्या माणसाला फक्त एवढेच विचारावे की आपल्याकडचे, पण मंडळात न दिसणारे कोण येते. वहीत वर्गणीचा रकाना मुळीच ठेवू नये. त्याऐवजी माणूस एकटा राहतो का, चूल किंवा गॅस स्वतःचा आहे का, रोजचे औषध कोणते, आणि काही झाले तर गावाकडे कोणाला कळवायचे, या गोष्टी लिहाव्यात. गावाकडचे दोन नंबर घ्यावेत, कारण पहिला नंबर अनेकदा बंद पडलेला असतो. माणसाला विचारल्याशिवाय त्याचे नाव लिहू नये, आणि ही वही दोनच जणांकडे असावी. तिचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटात फिरू लागले की लोक खरे सांगणे बंद करतात.

फोन कसा करावा

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधील आयरिश केंद्रांची एकत्र जेवणे बंद झाली, तेव्हा अनेक केंद्रांनी जेवायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ठरवून फोन करण्यास सुरुवात केली आणि जेवण दारापर्यंत पोहोचवले. यातले फोनचे काम हलके समजले जाते, पण माझ्या मते तेच सर्वांत अवघड आहे. एका कार्यकर्त्याकडे दहापेक्षा जास्त नावे देऊ नयेत. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, त्याच माणसाने फोन करावा. रोज नवा आवाज आला की समोरचा माणूस सरकारी चौकशी आल्यासारखे उत्तर देतो.

भाषाही आपलीच, अहिराणी, असावी. सुरतेत आमचे काही तरुण कार्यकर्ते शुद्ध मराठीत किंवा हिंदीत विचारत आणि पलीकडून "हो, सगळे ठीक आहे" एवढेच येई. एकाने सहज "आक्का, जेवण व्हयनं का?" असे विचारले, तेव्हा "व्हयनं ना भाऊ, बठ्ठं बरं शे" (झाले ना भाऊ, सगळे बरे आहे) हे उत्तर आधी आले, आणि थोडे थांबून, दोन दिवसांपासून भाकरीबरोबर फक्त चटणीच आहे, हेही आले. ते थोडे थांबणे ऐकता आले पाहिजे. "काही मदत हवी का?" हा प्रश्न विचारू नये, त्याला उत्तर नेहमी नकाराचेच येते. "आज काय रांधले?", "गोळ्या कधीपर्यंत पुरतील?", "गावाकडून शेवटचा फोन कधी आला?" असे विचारावे आणि उत्तर तारखेसह वहीत लिहावे. दोन वेळा फोन उचलला गेला नाही, तर त्याच दिवशी कोणीतरी दारापर्यंत जाऊन यावे.

शिधा

गहू आणि तांदूळ रेशनवर मिळतात, त्यामुळे मंडळाने तेच पुन्हा वाटण्यात फारसा अर्थ नाही. ज्वारीचे किंवा कळण्याचे पीठ, तूरडाळ, शेंगदाणे, तेल, काळा मसाला, चहा आणि साखर एवढे दिले तर खान्देशी घर आठवडा काढते. अंघोळीचा आणि कपड्यांचा साबण विसरू नये. बायकांना लागणारे पॅडचे पाकीट न विचारता पिशवीत ठेवावे आणि पिशवी बाईनेच द्यावी.

मात्र पिशवी भरण्याआधी चुलीचा रकाना पाहावा. यंत्रमागावर काम करणारे एकटे पुरुष एका खोलीत आठ-दहा जण राहतात आणि खानावळीत जेवतात. खानावळ बंद झाली की त्यांना दिलेले दहा किलो पीठ कोपऱ्यात पडून राहते. अशांसाठी कोरडा शिधा न देता खानावळवाल्यालाच पैसे आणि धान्य देऊन त्याचे स्वयंपाकघर चालू ठेवावे, डबे मात्र खोलीवर पोहोचवावेत. त्याच खोलीत ओडिया किंवा भोजपुरी बोलणारी पोरे असतील, तर डबे मोजताना त्यांनाही धरावे. १८४७ मध्ये अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी लोकांनी, स्वतः देशोधडीला लागलेले असताना, दुष्काळातील आयरिशांसाठी १७० डॉलर पाठवले होते, आणि २०२० मध्ये नावाहो व होपी आदिवासींच्या कोरोना मदतनिधीत त्याची आठवण ठेवून असंख्य आयरिशांनी पैसे भरले. आपल्या मंडळात "फक्त आपल्याच लोकांना" असा ठराव मांडणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

कागद विचारू नयेत, फोटो काढू नयेत

अमेरिकेत व्हिसाची मुदत संपूनही राहिलेले आयरिश लोक बरेच आहेत, आणि त्यांतले अनेक जण बांधकाम, बार आणि घरकामात आहेत. ही कामे एका आठवड्यात बंद पडली आणि तिथल्या सरकारने दिलेला १,२०० डॉलरचा धनादेश कागद नसलेल्यांना मिळाला नाही. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेक कामगारांना सरकारी पगार-अनुदानातून वगळले गेले, आणि स्वतःचा खर्च चालवता येत नसेल तर मायदेशी परतावे, असे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी एप्रिल २०२० च्या सुरुवातीला सांगितले. अशा लोकांना सरकारी खिडकीवर जाण्याची भीती वाटते. त्यांना न्यूयॉर्कची एमराल्ड आइल आणि ॲशलिंग ही केंद्रे किंवा सिडनीतील आयरिश सपोर्ट एजन्सी यांसारख्या संस्थाच जवळच्या होत्या. आपल्याकडे व्हिसाचा प्रश्न नसला तरी भाडेकरार नसलेला, रेशनकार्ड गावाकडेच राहिलेला आणि ठेकेदाराकडे आधारकार्ड अडकलेला माणूस तसाच बिचकतो. मंडळाने आधी मदत द्यावी आणि कागदांचे नंतर, त्याच्या सोयीने पाहावे.

फोटोबद्दल मात्र मी हट्टी आहे. पिशवी देतानाचा फोटो देणगीदाराला दाखवण्यासाठी काढतात, पण तो गावाकडच्या गटात पोहोचतो आणि ज्याने गावात "मी सुरतेत बरा आहे" असे सांगितलेले असते, तो पुढच्या वेळी पिशवी घेत नाही. देणगीदाराला दुकानाच्या पावत्या दाखवाव्यात.

पैसा

न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळ्या आयरिश संस्था "स्लॉन्चा २०२०" या नावाखाली एकत्र आल्या. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ आरोग्य असा आहे. आयरिश सरकारनेही त्याच वर्षी परदेशातील संस्थांसाठी कोरोनाचा वेगळा निधी काढला. आपल्याकडे एकेका शहरात तालुक्याचे, समाजाचे आणि गल्लीचे अशी निरनिराळी मंडळे असतात, आणि एकाच घरी तीन पिशव्या जातात तर शेजारी एकही नाही. सगळ्यांनी विलीन व्हावे असे मी म्हणत नाही, ते होणारही नाही. पण संकटापुरता एक फोन नंबर, एक वही आणि दोन सह्यांचे एक खाते ठरवता येते. लहान रकमेसाठी बैठक बोलावू नये. हजार-दोन हजारांपर्यंतचा खर्च दोघांनी फोनवर ठरवून करावा आणि दर रविवारी हिशोब सर्वांसमोर वाचावा.

मृत्यू झाल्यास

हे कोणी आधी ठरवत नाही. उत्तर आयर्लंडमधील न्यूरी येथील केव्हिन बेल या तरुणाचा २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्याला घरी आणण्यासाठी लोकांनी पैसे जमवले, आणि त्या पैशांतून त्याच्या कुटुंबाने परदेशात मरण पावलेल्या इतरांना घरी आणणारा न्यास सुरू केला. महामारीत विमाने थांबली आणि आयर्लंडमध्ये अंत्यविधीला दहाच माणसांची मुभा राहिली. तेव्हा गावकरी आपापल्या फाटकापाशी, एकमेकांपासून अंतर राखून, शववाहिका जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहत, आणि परदेशातील नातेवाईक चर्चच्या कॅमेऱ्यावरून विधी पाहत.

मंडळाने यासाठी दोन माणसे नेमून ठेवावीत. एकाने स्मशान, दाखला आणि अस्थी पाहाव्यात. दुसऱ्याने फक्त गावाकडच्या घराशी बोलावे. अंत्यविधी फोनवर दाखवायचा असेल तर फोन हातात न धरता स्टँडवर लावावा, तो धरणाऱ्याने बोलू नये, आणि गावाकडे म्हाताऱ्या आईच्या शेजारी कोण बसणार हे आधी विचारून घ्यावे. तिने एकटीने ते पाहू नये. गंधमुक्ती आणि उत्तरकार्य गावीच होऊ द्यावे, पण ज्या शहरात माणूस राहिला तिथेही द्वारदर्शनासाठी, म्हणजे सांत्वनाला येणाऱ्यांसाठी, एक संध्याकाळ ठेवावी. त्याच्या खोलीतले सोबती त्याच्या गावी कधीच गेलेले नसतात.

मृत्यू परदेशात झाला असेल तर स्थानिक मृत्युदाखला, शव टिकवल्याचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. खर्च झेपत नसेल तर दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरज तपासून त्यातून पार्थिव आणणे, तातडीचे उपचार, अडकलेल्यांचा निवारा आणि परतीचे तिकीट यांसाठी मदत देता येते. अर्ज दूतावासाकडेच करावा. सोबत "मदद" या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहावा. देशातल्या देशात असलेल्यांसाठी एवढे पुरे की गावाकडचे रेशनकार्ड आता दुसऱ्या राज्यातही चालते आणि ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंदणी होते. या दोन्ही गोष्टी शांत दिवसांतच करून घ्याव्यात.

वही चालू ठेवणे

यादी एकदा करून कपाटात ठेवली तर दोन वर्षांत निम्मे नंबर बदललेले असतात. आम्ही त्यासाठी कानबाईचा रविवार धरला आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या त्या रविवारी खान्देशी माणूस कुठेही असला तरी कोणाच्या तरी घरी रोटाच्या जेवणासाठी येतोच. त्या संध्याकाळी दोन बायका आणि एक पोरगा वही घेऊन दारात बसतात, येणाऱ्याला नंबर विचारतात आणि जुना नंबर एका रेघेने खोडून त्यावर तारीख घालतात. नंतर जे आले नाहीत त्यांची नावे मोठ्याने वाचली जातात, आणि प्रत्येक नावापुढे सोमवारी त्यांच्याकडे कोण जाणार हे लिहिल्याशिवाय प्रसाद वाटत नाहीत.