धारवाल्याकडे जाण्याआधी कात्री तपासा

दिवाळी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडे घरोघरी कंदिलाचा कागद कापला जातो. त्याच कात्रीने कुणी ब्लाउजपीस कापतं, कुणी चिकटपट्टी. मग ती अडायला लागते आणि ‘धार गेली’ म्हणून धारवाल्यापुढे ठेवली जाते. खरं तर अशा पुष्कळ कात्र्यांची धार शाबूत असते. बिघाड स्क्रूत असतो, पात्यावर बसलेल्या गोंदात असतो, नाहीतर धरण्याच्या पद्धतीत. चांगलं पोलाद विनाकारण दगडावर झिजवू नये, म्हणून आधी दोष शोधायचा.

कात्री बंद करून उजेडासमोर आडवी धरा. दोन पात्यांच्या मधोमध बारीक फट दिसेल, पण टोकं मात्र चिकटलेली असतील. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. पाती आतल्या बाजूने किंचित पोकळ असल्यामुळे कापताना ती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू स्क्रूकडून टोकाकडे सरकत जातो. कागद किंवा कापड त्या बिंदूवर कापलं जातं. पाती एकमेकांपासून जरा जरी लांब गेली, तरी कितीही धार असो, कापड मध्ये दुमडून अडकतं.

तीन चाचण्या

पहिली स्क्रूची. अंगठ्याची कडी हातात धरा, दुसरं पातं उचलून फुलीसारखं उघडा आणि सोडून द्या. ते थोडं खाली येऊन अर्धवट उघडं थांबलं तर स्क्रू बरोबर आहे. खाडकन बंद झालं तर सैल आहे, हललंच नाही तर फार आवळलाय. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. प्रत्येक वेळी पुन्हा चाचणी घ्या. स्क्रूऐवजी रिबीट (ठोकून बसवलेली खीळ) असलेल्या कात्रीत ही सोय नसते, म्हणून विकत घेताना स्क्रूची कात्री निवडलेली बरी.

दुसरी चाचणी कापडाची. पातळ सुती कापडाचा एकेरी तुकडा घ्या आणि पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत एकाच संथ कापात कापा. एकाच ठिकाणी अडलं तर तिथे धारेला खाच पडली आहे, बहुतेक टाचणीवर पातं पडल्यामुळे. फक्त टोकाशी अडलं तर टोक वाकलंय किंवा स्क्रू सैल आहे. कात्री जमिनीवर पडली की हेच होतं. मुळापासून टोकापर्यंत कापड चावल्यासारखं होत असेल आणि स्क्रू ठीक असेल, तर मात्र धार खरोखरच गेली आहे.

तिसरी बोटाने. कात्री उघडून पात्याच्या आतल्या सपाट बाजूवर धारेला समांतर बोट हलकेच फिरवा, धारेवर नाही. चिकट लागलं तर तो चिकटपट्टीचा गोंद. खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून पाच मिनिटं ठेवा, कापडाने पुसा, मग स्पिरिटने पुसून तेल काढा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकच्या मुठीला लागू देऊ नका, मूठ विरघळते.

कागदाची वेगळी, कापडाची वेगळी

या बाबतीत तडजोड नको. कागद पांढरा आणि गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात चिनी माती आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं. ही खनिजं धार घासून काढतात. त्या बोथट धारेने कागद तरीही कापला जातो, कारण तो ताठ असतो. पण मऊ सुती कापड किंवा जॉर्जेट निसटतं. चमकीचा कागद तर दोन्ही कात्र्यांपासून लांब ठेवा, त्याला जुनी कात्री वापरा. जुन्या साड्यांची गोधडी शिवायची असेल, तर जरीचे काठ आधी त्याच जुन्या कात्रीने काढून घ्या. जरीत धातू असतो, आणि कापडाच्या कात्रीला खाच पडायला तेवढा पुरतो. कापडाच्या कात्रीच्या कडीला लाल दोरा बांधून ठेवला की घरातल्या सगळ्यांना ती ओळखू येते.

कापडासाठी ९ किंवा १० इंची, वाकड्या मुठीची टेलर कात्री घ्या. मूठ वाकडी असल्याने खालचं पातं टेबलावर टेकून सरकतं आणि कापड उचललं जात नाही. कापड कापताना कात्री हवेत धरली की वरचा आणि खालचा थर पुढेमागे होतो, मग बाह्या जुळत नाहीत. लांब सरळ कापात पाती पूर्ण मिटू नका. तीन-चतुर्थांश मिटली की पुढे सरका आणि पुन्हा उघडा. टोक प्रत्येक वेळी मिटलं तर काठाला पायऱ्या पडतात. वळण कापायचं असेल तर कागदाच्या बाबतीत कात्री स्थिर ठेवून कागद फिरवा, कापडाच्या बाबतीत कापड जागेवर ठेवून स्वतः टेबलाभोवती फिरा.

मेरठच्या कात्र्या आपल्याकडे सगळीकडे मिळतात. भंगारातल्या पोलादापासून त्या बनतात आणि २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. घेताना वर सांगितलेली फट पाहा आणि दुकानातच चिंधी कापून बघा.

डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताची कात्री कधीच नीट कापत नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नैसर्गिक दाब पाती जवळ आणतो, डाव्या हाताचा दाब त्यांना दूर ढकलतो. मुलाला ‘नीट धर’ म्हणून रागावण्यापेक्षा डावखुरी कात्री आणून द्या.

झिगझॅग कात्री विणलेल्या कापडाचा काठ उसवणं कमी करते, थांबवत नाही. पातळ कागद कापून तिची धार वाया घालवू नका, कारण तिच्या दातांना घरी धार लावता येत नाही.

कटर आणि झिरमिळ्या

तुटणाऱ्या पात्याचा कटर १९५६ साली ओसाकात योशिओ ओकादा यांनी काढला. चॉकलेटच्या वडीवरच्या खाचांवरून त्यांना कल्पना सुचली. पातं ९ मिमी रुंद असेल तर ते कागद आणि कार्डशीटसाठी, १८ मिमीचं पुठ्ठ्यासाठी. पात्यावरच्या दोन खाचांमधला तुकडा म्हणजे एक घर. एकच घर, फार तर दोन घरं बाहेर काढा. जास्त काढलं की पातं वाकतं, रेघ तिरकी जाते आणि ते अचानक तुटूही शकतं.

कार्डशीट एका दमात कापायला जाऊ नका. पहिला हात अगदी हलका, फक्त वाट पाडण्यापुरता. नंतर दोन-तीन हातांत कापलं जातं. २ मिमी पुठ्ठ्याला सहा ते आठ हात लागतात. जोर लावला की पट्टी सरकते आणि बोट कापलं जातं, अनेक जखमा अशाच होतात. स्टीलचीच पट्टी वापरा, कारण प्लास्टिकच्या पट्टीची कड पातं सोलून काढतं. पट्टी ठेवायची ती जो भाग हवा आहे त्याच्यावर. हात घसरला तर कचरा खराब होतो, कंदील नाही.

खाली शहाबादी फरशी किंवा ओटा नको. दगडावर पात्याचं टोक पहिल्याच कापात मोडतं. कटिंग मॅट नसेल तर पुठ्ठ्याचे दोन थर चालतील. मॅट मात्र मे महिन्यात गच्चीवर किंवा गाडीत ठेवू नका; भुसावळकडचा पारा ४५ च्या आसपास गेला की ती वाकते, आणि वाकलेली मॅट पुन्हा सपाट करणं कठीण.

झिरमिळ्यांसाठी पतंगाचा कागद कटरने एकेरी कापायला गेलं की तो गोळा होऊन फाटतो. चार कागद एकावर एक ठेवा, वर-खाली वर्तमानपत्राचा एकेक थर द्या आणि चारही कोपरे चिमट्यांनी धरा. वरच्या वर्तमानपत्रावर वरून २ सेंमी सोडून पेन्सिलने आडवी रेघ मारा. खालच्या काठापासून या रेघेकडे अर्ध्या सेंमीच्या अंतराने लांब कात्रीने काप द्या. पात्याच्या मधल्या भागाने कापा आणि रेघेच्या ३-४ मिमी अलीकडे थांबा, कारण मिटताना टोक तेवढं पुढे जातं. पंखा आधी बंद करा.

कटरच्या पात्याचं टोक बोथट झालं की कागदाचा काठ लव आल्यासारखा फाटतो. मग घर तोडा: पात्यावरच्या खाचांची बाजू वर ठेवा, कटरच्या मागच्या टोपणाने किंवा पकडीने शेवटचं घर धरून खाली वाकवा. तोंड दुसरीकडे ठेवा. तुटलेले तुकडे झाकणाच्या डबीत टाका, थेट कचऱ्यात नाही. कचरा वेचणाऱ्याचा हात त्यात जातो.

चाकाचा कटर आणि उसवणी

गोल पात्याच्या रोटरी कटरने गोधडीचे चौकोन झटपट निघतात. ४५ मिमीचं पातं सुती कापडाचे चार थर सहज कापतं. नेहमी अंगापासून दूर ढकला आणि प्रत्येक कापानंतर पातं आत घ्या. ठराविक अंतरावर एखादा धागा न कापता राहत असेल, तर ते अंतर मोजा. १४ सेंमीच्या आसपास भरलं तर पात्याला एक खाच आहे, कारण ४५ मिमी पात्याचा परीघ १४१ मिमी असतो. अंतर ठराविक नसेल तर पात्यामागे तंतू अडकलेत किंवा नट जास्त आवळलाय.

उसवणी म्हणजे टाके उसवायचं दोन काट्यांचं छोटं हत्यार. तिचा लांब काटा टाक्याखाली घाला. आखूड काट्यावरची लाल गोळी कापडाच्या बाजूला ठेवून शिवण उघडत न्यायची असते, म्हणजे टोक कापडात घुसत नाही.

धार खरोखर गेली असेल तर

अॅल्युमिनियम फॉइल कापल्याने धारेवरची वळलेली कड थोडीशी सरळ होते, धार लागत नाही. घरी लावायची तर स्क्रू काढून पाती सुटी करा. बाहेरच्या उतरत्या बाजूवर मार्करने रंग द्या आणि बारीक तेलाच्या दगडावर त्याच कोनात मुळाकडून टोकाकडे ओढा. सगळा रंग गेला की थांबा. आतली सपाट बाजू अजिबात घासू नका. ती गेली की मधली फट बिघडते आणि कात्री कायमची गेली. धारवाल्यालाही हेच स्पष्ट सांगा: ‘फक्त बाहेरून’. चाकावर पातं निळं पडायला लागलं तर लगेच थांबवा, पोलादाचं पाणी उतरतंय. जोडल्यावर कात्री एकदा सावकाश मिटा, मग चिंधी कापा.

शेवटी स्क्रूपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, पाच-सहा वेळा उघड-मीट करा आणि तेल चिंधीवर पुसून घ्या. पावसाळ्यात दर आठवड्याला पात्यांवरून तेलाचा हात फिरवा.