आठवणीत चुकणारं पात्र कादंबरीत कसं उभं करायचं

चुकीची आठवण सांगणारा नॅरेटर आणायचा म्हटलं की बरेच नवीन लेखक त्याला सरळ डिमेन्शिया देतात, नाहीतर डोक्याला मार लागलेला दाखवतात, नाहीतर तो पहिल्यापासून खोटंच बोलत होता असं शेवटच्या प्रकरणात उघड करतात. यातलं काहीच लागत नाही हो. धडधाकट, प्रामाणिक, रोज वेळेवर लोकल पकडणारा माणूससुद्धा स्वतःचीच गोष्ट चुकीची सांगतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि मला कादंबरीसाठी हाच माणूस सगळ्यात मोलाचा वाटतो.

आधी चुकीची दिशा ठरवा. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना परक्या मुलखातली एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती परत परत सांगायला लावली, तर जे कळलं नव्हतं ते लोकांनी गाळलं आणि अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या घातल्या. हे काम त्याने 1932 साली छापलं, पण लेखकाला ते आजही तितकंच उपयोगी आहे, कारण त्यातून कळतं की माणूस वाटेल तसा चुकत नाही, तो स्वतःला पटेल अशा बाजूला चुकतो. तुमच्या पात्राला काय पटवून घ्यायचंय ते तुम्हाला माहीत नसेल तर चूक नुसती चूक राहते, तिचा कादंबरीला काही उपयोग होत नाही.

उदाहरण घेऊ. लालबागच्या चाळीतलं एक गिरणी कामगाराचं घर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, की हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे ‘संप संपला तेव्हा’ असं म्हणायला सगळ्यांची मिळून एक तारीखच नाही, प्रत्येक घरात तो वेगळ्या दिवशी संपला. आठवणीवर लिहिणाऱ्याला याहून चांगली जमीन कुठे मिळणार?

आता एक वही घ्या आणि खरं काय घडलं ते कोरडेपणाने, तारखेसकट लिहा: वडील 1983 मध्ये कोणाला न सांगता कामावर परत गेले. हे पान वाचकाला कधीच दाखवायचं नाही पण तुमच्याकडे असायलाच हवं, काय झालं ते लेखकालाच माहीत नसेल तर वाचकाला नुसतं धुकं मिळतं. मग पुढच्या पानावर प्रत्येकाची आठवण लिहा. थोरला भाऊ पुढे युनियनमध्ये गेला, त्याचं सगळं आयुष्य ‘बाबा शेवटपर्यंत हटले नाहीत’ यावर उभं आहे, तेव्हा त्याला तसंच आठवणार. बहिणीला आठवतं की आई पहाटे डबा भरत होती, पण तिच्या मते ते संपाच्या आधीचं. दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

वाचकाला खरं कसं कळणार? निवेदनात येऊन सांगू नका. बहिणीच्या डब्याच्या आठवणीत धाकटा रडतोय एवढंच ठेवा, आणि धाकटा 1982 च्या गणपतीत जन्मला हे पन्नासेक पानं आधी सहज येऊन गेलेलं असू द्या. जो वाचक हिशोब लावेल त्याला तिथेच धक्का बसेल, आणि जो नाही लावणार त्याला निदान काहीतरी खटकत राहील. दुसरा मार्ग म्हणजे नावं. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी 2018 मध्ये झालं, त्यामुळे 1982 ची गोष्ट सांगताना भाऊ म्हणाला की बाबा प्रभादेवी स्टेशनवर उतरले, तर तो ती आठवण आज, आत्ता जुळवतोय हे दिसतं. पण हे एकदाच केलंत तर वाचकाला तुमचीच चूक वाटेल, दुसऱ्या एखाद्या पात्राच्या तोंडी त्याच प्रकरणात एल्फिन्स्टन येऊ द्या.

आठवण कोणापुढे सांगितली जातेय याकडे फार कमी लोक लक्ष देतात. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि प्रश्नातलं एकच क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ अशा अर्थाचा जोरकस शब्द ज्यांना मिळाला त्यांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने विचारल्यावर त्यांच्यातल्या जास्त लोकांनी फुटलेल्या काचा पाहिल्याचं सांगितलं. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या! म्हणून संवाद लिहिताना प्रश्न जपून लिहा. भाच्याने विचारलं, ‘मामा, गेटवर पोलीस किती होते?’ की मामाच्या आठवणीत पोलीस शिरले, आणि तीन प्रकरणांनंतर तोच मामा ते पोलीस आपणहून सांगायला लागला पाहिजे. हे मला या सगळ्यातलं सगळ्यात ताकदीचं साधन वाटतं, कारण यात बिघाड नात्यातून होतो, प्रेमाने विचारलेल्या प्रश्नातून होतो.

आणि पात्राला अडखळायला लावू नका. ‘बहुतेक’, ‘नक्की आठवत नाही’ अशी पेरणी केली की वाचक लगेच सावध होतो. 1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या एमरी युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं होतं. अडीचएक वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांचं उत्तर पार बदललेलं, पण खात्री मात्र पक्की. चुकीच्या आठवणीत तपशील भरपूर ठेवा, वास, आवाज, अंगावरचा शर्ट, सगळं. खऱ्या आठवणीला थोडी भोकं चालतील.

सराव करायचा असेल तर मुंबईत घरबसल्या होतो. 26 जुलै 2005 बद्दल घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नाही, समोर बसले की दुसरा पहिल्याचंच उचलतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला आणि कुलाब्याला 75 मिमीसुद्धा नाही. आता एक कुलाब्याचं पात्र कल्पा, ज्याला आपल्या दारातलं छातीभर पाणी लख्ख आठवतं. ते पाणी टीव्हीवरून आलं, अंधेरीच्या बहिणीच्या फोनवरून आलं, की सगळं शहर सोसत असताना आपण कोरडे राहिलो हे त्याला सहन झालं नाही म्हणून आलं? यातलं एक उत्तर निवडा आणि दोन पानं लिहा.

शेवटी पुरावा समोर येतो तो सीन. इथे सगळे घसरतात, कागद पाहिला की पात्राला भडाभडा सगळं आठवतं. एमरीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच हातचे कागद दाखवले तरी मूळ आठवण परत आली नव्हती. तेव्हा भावाच्या हातात 1983 ची पगाराची चिठ्ठी द्या, त्याला ती पूर्ण वाचू द्या, खरी आहे हे मान्यही करू द्या, पण बाबा घरी बसलेले त्याला दिसतच राहू द्या. मग ड्राफ्ट कोणालातरी वाचायला द्या आणि एकच गोष्ट विचारा, बाबा कामावर परत गेले असतील अशी शंका कुठल्या पानावर आली. डब्याच्या सीनच्या आधी आली असेल तर आधीच्या खुणा कमी करा, आणि थेट चिठ्ठीपाशीच आली असेल तर बाळाचं रडणं अजून एकदा ऐकवा.