कोर्सच्या नंबरांमागचा हिशोब

अमेरिकेत बॅचलर्सला आलेल्या आपल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फर्स्ट इयरला विषय कोणते?" तर तसं काही नसतं. एफवाय, एसवाय, टीवाय अशी अख्खी बॅच इथे एकत्र पुढे सरकत नाही. आपले कोर्स आपण निवडायचे. तुमच्या शेजारी बसलेली मुलगी कदाचित शेवटच्या सेमिस्टरला असेल आणि राहिलेला एक विषय उरकत असेल. फ्रेशमन (पहिल्या पायरीवरचा), सोफोमोर (दुसऱ्या) हे शिक्केही जमा क्रेडिटवर लागतात: बहुतेक ठिकाणी ३० झाली की सोफोमोर, ६० ला ज्युनियर, ९० ला सीनियर. रजिस्ट्रेशनची पाळीसुद्धा त्याच क्रमाने येते, म्हणून नव्यांच्या वाट्याला सकाळी आठचे वर्ग उरतात. त्याला इलाज नाही.

डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सेमिस्टर, दर वेळी १५. स्टॅनफर्ड किंवा युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनसारख्या क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरऐवजी वर्षाचे आणखी छोटे भाग करणाऱ्या) ठिकाणी हाच आकडा १८० असतो; काम तेवढंच, मोजमाप वेगळं. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि घरी दोन तास अभ्यास, असं गृहीत धरलेलं असतं. लॅबचं मात्र एक क्रेडिट आणि बसायचं दोन-तीन तास. वेळापत्रक जुळवताना हे ध्यानात ठेवा.

आता कोर्सच्या नावापुढचा नंबर. सर्वसाधारण रीत अशी की पहिला आकडा पातळी सांगतो. १०० आणि २०० चे कोर्स लोअर डिव्हिजन, म्हणजे सुरुवातीचे, ३०० आणि ४०० चे अपर डिव्हिजन, म्हणजे पुढचे, ५०० पासून पुढे मास्टर्स-पीएचडीवाल्यांचे. १०० च्या आतले बऱ्याच ठिकाणी उजळणीचे असतात आणि डिग्रीत धरत नाहीत. शेवटचे दोन आकडे हा त्या-त्या डिपार्टमेंटचा मामला, त्यात फार अर्थ शोधू नका. मागे एल असेल तर बहुधा लॅब, एच असेल तर ऑनर्स.

पण ही रीत झाली, नियम नव्हे. बर्कलीत १ ते ९९ लोअर आणि १०० ते १९९ अपर डिव्हिजन. तिथे मॅथ ५४ आधी आणि मॅथ ११० नंतर. ११० दिसलं म्हणून सोपं समजून घेतलंत तर थेट थिअरीच्या लिनियर अल्जिब्रात जाऊन पडाल. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्ये पहिला आकडा क्रेडिटचा आणि पुढचे दोन पातळीचे. तिथला एम ४०८सी पाहून मुलं दचकतात, पण तो चार क्रेडिटचा नव्या मुलांसाठीचा कॅल्क्युलस आहे. एमआयटीत तर डिपार्टमेंटलाच नंबर: १८ म्हणजे गणित, ८ म्हणजे फिजिक्स. त्यामुळे दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या मित्राला "तू कितीची लेव्हल घेतलीस?" विचारून स्वतःचं ठरवू नका. आपल्या कॅटलॉगमध्ये नंबरांचा खुलासा करणारं एक पान असतं. बहुतेकांनी ते उघडलेलंही नसतं.

आणि मोठा नंबर म्हणजे अवघड कोर्स, हेही खरं नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री बऱ्याच ठिकाणी २०० मध्ये येते, आणि तिने रडवलेली जितकी मुलं मी पाहिली, तितकी ४०० च्या सेमिनारने रडवलेली नाहीत.

नंबरापेक्षा त्याखालची बारीक अक्षरातली ओळ जास्त महत्त्वाची. तिथे लिहिलेलं असतं: आधी अमुक कोर्स, किमान सी ग्रेड, सोबत तमुक, फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सेमिस्टरमध्ये). या चार गोष्टींवर तुमची चार वर्षं ठरतात. समजा इंजिनीअरिंग करायचं आहे. कॅल्क्युलस एक, मग दोन, मग डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मग कुठे मेजरचे (मुख्य विषयाचे) ३०० चे कोर्स उघडतात. पहिल्या सेमिस्टरला कुणी तुम्हाला प्रीकॅल्क्युलसमध्ये बसवलं की सगळी साखळी एक घर मागे जाते. त्यातला एखादा कोर्स फक्त फॉलमध्ये असेल तर एका सेमिस्टरचं वर्ष होतं, आणि त्या वाढीव वर्षाची फी आईवडिलांना भरावी लागते. म्हणून प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरवणारी परीक्षा, कंटाळा न करता द्या. आपल्याकडे बारावीला कॅल्क्युलस झालेलं असतं, पण नुसत्या मार्कशीटवर इथे कुणी वरच्या कोर्सला बसवेलच असं नाही.

मेजरच्या कोर्सचा क्रम दाखवणारं, झाडाच्या फांद्यांसारखं चित्र डिपार्टमेंटच्या साइटवर बहुधा मिळतं. ते शेवटच्या कोर्सपासून उलटं वाचत या. जेन-एडचं, म्हणजे मेजरबाहेरच्या सगळ्यांना लागणाऱ्या विषयांचं, इतकं टेन्शन घेऊ नका. इतिहास, लेखन, कला हे विषय मोकळ्या जागी बसवता येतात. एकच कोर्स दोन रकान्यांत मोजला जातो का, एवढं ॲडव्हायजरला विचारा. बरेचदा जातो, पण आपण होऊन कुणी सांगत नाही.

रजिस्ट्रेशन करताना लेक्चरबरोबर डिस्कशन (छोट्या गटाचा वर्ग) किंवा लॅबचं सेक्शनही निवडावं लागतं. सगळं भरलं असेल तर वेटलिस्टला नाव घाला आणि पहिल्या आठवड्यात वर्गात जाऊन बसाच. ॲड-ड्रॉपच्या, म्हणजे कोर्स बदलण्याच्या, काळात जागा भराभर सुटतात.

एफ-१ व्हिसावर असाल तर मात्र फॉल आणि स्प्रिंगला १२ क्रेडिटच्या खाली जायचं नाही, आणि त्यात पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स, तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. १३ घेतली आणि मिडटर्मनंतर चारचा कोर्स सोडला की राहतात ९. कोर्स झेपत नसेल तर सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला गाठा. काही ठरावीक कारणांसाठी ते परवानगी देऊ शकतात, पण ती आधी घ्यावी लागते.