मुलं पार्टीत ड्रग्ज घेतायत का, कसं ओळखायचं आणि काय करायचं

आधी एक समज डोक्यातून काढून टाका, की ड्रग्ज घेणारी मुलं म्हणजे वाया गेलेलीच असतात. पार्टी ड्रग्ज बरीच मुलं रोज घेत नाहीत, कधीतरी महिना दोन महिन्यांनी घेतात, त्यामुळे मार्क जागच्या जागी असतात, वागणं नॉर्मल असतं आणि घरात कुणाला पत्ताच लागत नाही. आणि भीती फक्त व्यसनाची नाहीये, पहिल्याच रात्री जीवावर बेतू शकतं.

हमखास ऐकू येणारं नाव म्हणजे एमडीएमए, यालाच एक्स्टसी किंवा मॉली म्हणतात. घेतल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जबडा आवळला जातो आणि दात एकमेकांवर घासत राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जबडा दुखतो, गाल आतून चावून सोललेले असतात, मूल जेवायला बसतं पण चावायचा कंटाळा करतं. मग दोन तीन दिवसांनी एकदम उदास, चिडचिड, रडू येणं. एकेक गोष्ट सुटी बघितली तर काहीच सिद्ध होत नाही, पण प्रत्येक पार्टीनंतर हेच चक्र दिसत असेल तर दुर्लक्ष करू नका.

यात जीव जातो तो मुख्यतः अंग तापून. गर्दीत तासन्‌तास नाचायचं, त्यात गोळीने तापमान वाढतं, ते 40 डिग्रीच्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात. उलट कुणीतरी सांगतं पाणी पी पाणी पी म्हणून मूल घटाघटा पाणी पितं, रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते, मग डोकेदुखी, उलट्या, बरळणं, फिट.

केटामाइन हे खरं तर भूल द्यायचं औषध. सारखं घेणाऱ्यांचं मूत्राशय खराब होतं, त्यामुळे मूल रात्री चार चारदा लघवीला उठत असेल, जळजळ होत असेल तर डॉक्टरकडे न्याच. जीएचबी म्हणजे गुंगी आणणारं ड्रग, बहुतेकदा द्रव स्वरूपात मिळतं; त्याला रंग नसतो, नशा आणि बेशुद्धी यात अगदी थोड्या डोसचा फरक असतो, दारूबरोबर गेलं की श्वास थांबू शकतो. लाफिंग गॅस, जो नशेसाठी फुग्यातून ओढतात, त्याचे छोटे सिलिंडर आणि फुगे सापडले, वर पायांना मुंग्या येतात म्हणत असेल, तर बी12 या जीवनसत्त्वाचं काम बिघडून नसांना इजा होत असण्याची शक्यता आहे.

घरी लघवीची टेस्ट करू का, असं बरेच पालक विचारतात. माझं मत, चोरून तर अजिबात करू नका. जीएचबी साधारण 12 तासांत निघून जातं, केटामाइन आणि एलएसडी (भास घडवणारं ड्रग) साध्या किटमध्ये बहुतेक वेळा येतच नाहीत, म्हणजे निगेटिव्ह आलं तरी काही कळलं नाही आणि विश्वास मात्र गेला.

बोलायचं असेल तर नशेत असताना नको, दुसऱ्या दिवशीही नको, जरा शांत वेळ बघा. "तू घेतोस का" याला उत्तर नाहीच मिळणार. त्यापेक्षा विचारा, "तुमच्या ग्रुपमध्ये कुणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता?" बऱ्याचदा मुलं घाबरून कुणालाच फोन करत नाहीत, झोपून उतरेल म्हणतात, आणि तिथेच घात होतो. म्हणून स्पष्ट सांगा की कितीही वाजता फोन कर, मी येईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. आणि हे खरोखर पाळा, एकदा जरी ओरडलात तरी पुढचा फोन येणार नाही.

हाक मारून उठत नसेल, घशातून घोरल्यासारखा गुरगुर आवाज येत असेल, ओठ निळे पडले असतील, फिट आली किंवा अंग भट्टीसारखं तापलं असेल तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, उलटी करायला लावू नका, कॉफी पाजू नका. अंग तापलं असेल तर जादा कपडे काढून ओल्या फडक्याने पुसत राहा. उरलेली गोळी, पुडी, बाटली काय असेल ते बरोबर घ्या, आणि काय घेतलं, किती वाजता, दारू होती का, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरला सगळं खरं सांगा, कारण त्या गोळ्यांबरोबर एमडीएमए गेलं असेल तर उपचार करताना त्यांना ते माहीत असावंच लागतं.